शेडच्या भिंतीत सोडलेली कूलरची जागा

गेल्या महिन्यातला एक रविवार. मागच्या अंगणात बाबा, म्हणजे माझे सासरे, विटा लावत होते आणि मी घमेल्यात सिमेंट-वाळूचा माल कालवून देत होते. भिंत कमरेच्या वर आली आणि बाबांनी मधल्या विटा लावल्याच नाहीत... चौकोनी जागा सोडून पुढे गेले.

 नागपुरात वाढलेल्या माणसाला असा चौकोन बरोबर ओळखता येतो... कूलर बसवायची जागा होती ती.

खरं तर हे शेड माझ्याच हौसेचं. फावडं, कुदळ, खताची पोती, पाण्याचा पाइप, रिकाम्या कुंड्या... सगळा पसारा जिन्याखाली कोंबून कंटाळा आला होता. मिस्त्री नको, आपणच बांधू, असं मी म्हटलं आणि रिटायर झाल्यापासून घरभर काम शोधत फिरणारे बाबा लगेच तयार झाले.

पाया खोदण्यापासून सगळं आम्ही दोघांनीच केलं, सुट्टीच्या दिवशी. माझ्या हातांना फोड आले, नेलपॉलिश पहिल्याच दिवशी गेलं, पण मजा येत होती. त्या चौकोनानंतर मात्र मजाच गेली.

कुदळीला कूलर कशाला हवा?

मग मी एकेक गोष्ट जोडत बसले. दार बाबांनी आधीच चांगलं माणसाच्या उंचीचं ठेवलं होतं. मधे एकदा ते फोनवर इलेक्ट्रिशियनला पंख्याच्या पॉइंटबद्दल विचारत होते, मी आले तर आवाज खाली केला. आणि शुक्रवारी ऑफिसमधून घरी येऊन पाहते तर बाबा टेप घेऊन स्वतःची खाट मोजत होते...

म्हणजे ही खोली बाबा स्वतःसाठीच बांधत होते.

आमचं घर दोन बेडरूमचं. सासूबाई गेल्यापासून बाबा आणि आमची ईशा एका खोलीत झोपतात. ईशाचं दहावीचं वर्ष. मागे जेवताना मी एवढंच म्हटलं होतं की बाबा, टीव्हीचा आवाज जरा कमी ठेवा, तिचा अभ्यास चालू आहे. एवढंच... पण ते मनाला लागलं असेल का? की त्याआधीच काही लागलं होतं आणि मला कळलंच नाही?

लोक काय म्हणतील हे तर आलंच डोक्यात. सुनेनं सासऱ्याला मागच्या शेडमध्ये काढलं, असं म्हणायला आमच्या लेआउटमध्ये, म्हणजे कॉलनीत, शेजारणींचा एक चहा पुरेल. पण लोकांचं सोडा... हा माणूस तिथे एकटा झोपला, मधेच काही झालं, हाक मारली, तर ऐकायला कोण? हे मनातून जाईना. मीटिंगमध्ये बसले तरी डोळ्यांसमोर तो चौकोन.

नवऱ्याला सांगितलं. "तू उगाच टेन्शन घेऊन राहिली, हवेसाठी सोडलं असंल," म्हणाला आणि मॅच बघायला लागला. स्वतःचे वडील आणि इतका निवांत! मला हेवाच वाटला.

पुढच्या रविवारी पुन्हा कामाला लागलो. त्या भिंतीचे शेवटचे थर राहिले होते, ते झाले की वर टिनाचे पत्रे. मी घमेलं भरलं आणि तिथेच उभी राहिले... हात पुढे जाईना.

"काहून थांबली वं? माल सुकून राहिला," बाबा म्हणाले.

"बाबा, तुम्ही इथे राहायला येणार आहात का?" निघालंच तोंडातून.

बाबांनी थापी विटेवर ठेवली. माझ्याकडे न बघता म्हणाले, "पोरीची दहावी आहे. माह्या खोकल्यानं तिची झोपमोड होते. ती काही बोलत नाही, पण उशी कानावर घेऊन झोपते. परीक्षेपर्यंत इथं झोपलो तं काय बिघडते?"

"आणि परीक्षा झाल्यावर?"

"मग पाहू."

रागावून बोलले असते तर मी सॉरी म्हटलं असतं. पण त्या 'मग पाहू'मध्ये राग नव्हताच... घरातून थोडं बाजूला व्हायची तयारी होती, अगदी शांतपणे केलेली. मला रडू फुटलं. सिमेंटच्या हातांनी डोळेसुद्धा पुसता येईनात.

मी वाकून थापी घेतली आणि त्या चौकोनात माल टाकून वीट ठेवली. वाकडी बसली. दुसरी ठेवली, ती पहिलीपेक्षा वाकडी. बाबा नुसते बघत उभे... मला वाटलं आता थांबवतील, मग माझी पुन्हा हिंमत होणार नाही.

मग ते म्हणाले, "आधी वीट भिजव वं. कोरडी वीट माल धरत नाही." आणि पाण्याची बादली पायाने माझ्याकडे सरकवली.

एवढंच.  मी विटा भिजवून देत गेले आणि उरलेला चौकोन बाबांनी स्वतःच्या हातांनी बुजवला.

दुसऱ्याच दिवशी त्यांना डॉक्टरकडे नेलं, जे खरं तर आधीच करायला हवं होतं. खोकला अजून पूर्ण गेलेला नाही. ईशा सध्या माझ्याजवळ झोपते आणि नवऱ्याची रवानगी हॉलमधल्या दिवाणावर झाली आहे. आता त्याला थोडं टेन्शन आहे, ते मला बरंच वाटतं.

शेड झालं पूर्ण. फोटो टाकते आहे, भिंतीचा मधला भाग झूम करून बघू नका... हवा खेळायला कुठे जागाच नाही आणि वर टिन, त्यामुळे दुपारी आत भट्टी पेटलेली असते. फावडं घ्यायला गेलं तरी घामाघूम होऊन बाहेर यावं लागतं. माणूस तिथे घटकाभरही राहू शकत नाही... आणि मी कधी नव्हे ती नागपूरच्या उन्हाचे आभार मानते आहे.