टाकीतला पंप

चैत्रातल्या त्या रविवारी सकाळी अंगणभर कडुलिंबाचा मोहर सांडला होता, आणि त्याच्या मंद, कडवट-गोड गंधात पेट्रोलचा उग्र दर्प मिसळत होता. ऊन अजून भिंतीवरून खाली उतरलं नव्हतं. फरशीवर अंथरलेल्या जुन्या सोलापुरी चादरीवर आमच्या मोटारसायकलची टाकी पालथी पडली होती, तिच्यासमोर पदर खोचून मी बसले होते, आणि उंबऱ्याशी खुर्चीत माझे यजमान. पेट्रोलच्या धास्तीने मी देवापुढे निरांजनसुद्धा लावलं नव्हतं. शाळेत मराठी शिकवण्यात हयात घालवलेल्या बाईने हातात पाना धरायची ही पहिलीच वेळ.

हे चिंचोळी एमआयडीसीतल्या एका कारखान्यात यंत्रांची दुरुस्ती करत. गेल्या पावसाळ्यात अर्धांगाचा झटका आला. पाय सावरले, वाचा सावरली, उजव्या हाताची बोटं मात्र धड मिटेनात. पण मला खरी धास्ती त्या हाताची नव्हतीच. पंख्याच्या वेगापासून पाहुण्यांच्या आहेरापर्यंत प्रत्येक गोष्टीवर माझ्याशी हुज्जत घालणारा हा माणूस एकाएकी निमूट झाला होता. जेवायला काय करू? ‘चालेल.’ फिरायला जायचं? ‘चालेल.’ करमाळ्याच्या पुतण्याने, दत्ताने, फोनवर सहज विचारलं, “काका, गाडी नुसती उभी हाय, मी नेऊ का?” त्यालाही तेच उत्तर. ज्या गाडीला दुसऱ्या कुणी फडका लावलेलाही यांना खपत नसे, ती गाडी! येणारे-जाणारे म्हणत, स्वभाव किती शांत झाला हो. मला मात्र त्या शांततेचा संताप येई. घरात माणूस असूनही घर ओस वाटे.

दत्ता रविवारी दुपारी गाडी न्यायला येणार होता आणि गाडी तर बंद. एरवी किल्ली फिरवली की टाकीच्या पोटातून क्षणभर एक बारीक गुणगुण ऐकू यायची. इंजिनाकडे पेट्रोल ढकलणारा पंप जागा झाल्याची ती खूण. आता तिथे नुसतं मौन. गॅरेज कोपऱ्यावरच आहे, पण मी मुद्दामच तिकडे फिरकले नाही. “बंद गाडी पोराच्या गळ्यात मारायची का?” असं म्हणत सात रस्ता चौकातल्या दुकानातून नवा पंप आणि त्याचं रबरी सील घेऊन आले, आणि म्हटलं, तुम्ही सांगा, मी करते. चालेल, म्हणाले.

बॅटरीची तार सोडवून, टाकी रिकामी करून, बोल्ट एकेक काढत अखेर जुना पंप बाहेर आला. त्याची जाळी गाळाने काळी पडली होती. यांनी तो डाव्या हातात घेतला, उन्हाकडे धरून निरखला. “झिजलाय की पार. माझीच करणी हाय ही.” आणि मग, कित्येक महिन्यांनी, हे आपणहून बोलू लागले. जुन्या गाड्यांत पेट्रोल संपत आलं, की गाडी एका अंगाला कलती करायची, तळाचे थेंब गोळा करायचे आणि ऐटीत पेट्रोलपंप गाठायचा. ती सवय नव्या गाडीवरही सुटली नाही. पण हिचा पंप पेट्रोलातच बुडालेला असतो, पेट्रोलच त्याला थंड ठेवतं. टाकी कोरडी ठेवली की तो तापतो, झिजतो. मला हसू आलं. नळाला पाणी येईल त्या दिवशी वाट्या-तांबेसुद्धा भरून ठेवणारे आम्ही सोलापूरकर, आणि गाडीला मात्र जन्मभर तळावर चालवत आलो.

नवा पंप बसवला, सील ठेवलं, वर झाकणाची चकती ठेवली आणि उत्साहाच्या भरात मी पहिलाच बोल्ट शेवटपर्यंत आवळला.

“अगं ए! थांब की!” अंगण दणाणलं. “एकच काय पिळून ठेवलास? समोरासमोरचे घे, थोडे थोडे आवळ. तिरकं बसलं तर पेट्रोल गळंल, समदं पेटंल! आन् सील बघ हितं, मुडपलंय. लई घाई तुला!”

माझे डोळे भरून आले. इतक्या आनंदाने मी आजवर कुणाची बोलणी खाल्ली नव्हती. पण तसं दाखवणार कशी? तेवढ्याच फणकाऱ्याने म्हटलं, “मग या की खाली!” आणि हे खरंच आले. खुर्चीचा आधार घेत चादरीवर टेकले, उजवा तळहात चकतीवर ठेवला. बोटं मिटली नाहीत. पण तळव्याचा भार चकती जागेवर धरायला पुरेसा होता. मी बोल्ट ढिला केला, सील सारखं केलं, आणि समोरासमोरचे बोल्ट थोडे थोडे आवळत गेले.

टाकी चढवली, पेट्रोल ओतलं, तार जोडली. किल्ली फिरवताच ती गुणगुण उमटली. इतकी वर्षं ती माझ्या कानांवरून नुसती गेली होती. त्या दिवशी मी ती ऐकली.

दुपारी दत्ता आला. गल्लीतून एक चक्कर मारून आला, चेहरा फुललेला. “काका, लई भारी झालीय की! जेवून निघतो मग घेऊन.” मी ताटं वाढत होते. मान वर केली नाही. कान तेवढे त्या एका ‘चालेल’साठी टवकारून ठेवले.

“न्हाय,” हे म्हणाले. “गाडी न्हाय द्यायची.”

दत्ता गोंधळून माझ्याकडे पाहू लागला. मी त्याच्या पानात आणखी एक भाकरी वाढली.

तो हात पुन्हा कधी गाडीची मूठ पिळेल की नाही, मला ठाऊक नाही. डॉक्टरही नीट सांगत नाहीत. पण नाही म्हणणाऱ्या माणसाला अजून काहीतरी हवं असतं, एवढं मला त्या दुपारी उमगलं. संध्याकाळी दत्ताला एसटीत बसवून आम्ही दोघं रिक्षाने परतलो. उन्हं कलली होती, वारा जरा निवला होता. जवळचा रस्ता सोडून लांबून का नेतोस म्हणून हे रिक्षावाल्याशी तावातावाने भांडत होते, आणि मी तोंड बाहेर वळवून, पदराआड हसत बसले होते.