बाकावरून दिसलेला कॅनडा

माझ्या कृषी केंद्रात दोन गोष्टी न मागवता साचतात. खताची रिकामी पोती अन् परदेशचे किस्से. पोती निदान कोणीतरी मागून नेतं. किस्से कोणी नेत नाही, उलट रोज संध्याकाळी आणखी एखादा आणून टाकतात!

टाकणारे तिघं. दुकानासमोरच्या बाकावर बसतात. एक राठोड, जवळच्या तांड्यावरचा, एसटीतून रिटायर झालेला कंडक्टर. त्याचा मुलगा ऑस्ट्रेलियात. दुसरे वसंतराव, जुने तलाठी, मुलगी जर्मनीत. तिसरा प्रभाकर, आमच्या नेरच्याच पोस्टात सारी नोकरी काढलेला माझा शाळेपासूनचा दोस्त. त्याचा नितीन कॅनडात. माझा मुलगा अमरावतीच्या पुढे गेला नाही म्हणून तिघंही माझी कीव करतात. चहा मात्र माझाच पितात.

*

राठोडला डॉलर समजत नाही. तो सगळं एसटीच्या तिकिटात मोजतो. मुलाकडे तीन महिने राहून आला अन् आल्या आल्या बाकावर बसून म्हणाला, "भाऊ, तिथं एका हजामतीले जेवढे पैसे लागते ना, तेवढ्यात मी महिनाभर रोज यवतमाळले जाईन अन् वापस येईन!"

वसंतराव म्हणाले, "अबे, पण रोज यवतमाळले जाऊन करशील काय?"

"केस कापीन!"

आम्ही हसलो. मग तोच म्हणाला, "पोरगं घरीच कापते लेका. स्वतःच्या हातानं, आरशात पाहून. मागचे केस वाकडे राह्यते. मी नीट करून देत होतो."

*

वसंतरावांच्या घरी ठेच्याशिवाय जेवण नाही. काकू जर्मनीला जाताना खलबत्ता घेऊन गेल्या. रविवारी दुपारी मिरच्या, लसूण घालून कुटायला बसल्या. तिथं रविवारी आवाज करायचा नसतो म्हणे! दोन मिनिटांत खालची बाई वर आली. काकूंना वाटलं, वासानं आली. त्यांनी मोठ्या मनानं वाटीभर ठेचा तिच्या हातात दिला.

बाई तक्रार करायला आलेली. ती वाटी घेऊन तशीच उभी!

"पण लाइफची क्वालिटी म्हणाल तर एक नंबर," वसंतराव सांगतात. "धूळ नाही, हॉर्न नाही, भांडण नाही. इतकी शांतता का रात्री आपलाच श्वास ऐकून वाटे, कोणी आलं काय."

*

आता प्रभाकरचं सांगतो. त्याआधी एक सांगावं लागेल. आमच्याकडे मयत झाली की त्या घरी चूल पेटवत नाहीत. जाळून आले की शेजारपाजारचे आपापल्या घरून पिठलं-भाकरी घेऊन येतात अन् घरच्यांना बळंच चार घास भरवतात. त्याला कडू घास म्हणतात. आमच्या वॉर्डात हे खातं प्रभाकरकडे! मयतीची खबर आली की हा अर्धी माणसं स्मशानाकडे लावायचा अन् उरलेल्यांच्या दारोदार जाऊन भाकरी लावायचा. कोणाकडून पिठलं, कोणाकडून भाकरी, सगळं तोंडपाठ. "आपल्या वॉर्डात दुःखातला माणूस उपाशी झोपला नाही," हे त्याचं ठरलेलं वाक्य.

त्याची बायको, मालतीवहिनी म्हणायच्या, "भावजी, घरच्या भाजीत मीठ नसलं तरी यायले समजत नाही. पण मयतीच्या पिठल्यात तिखट किती, ते बरोबर समजते!"

*

वहिनींना दम लागायचा. दोन जिने चढल्या की छातीवर हात ठेवून उभ्या राहायच्या. नितीन रोज फोनवर मागे लागायचा. घर विका अन् कायमचे इकडे या, आईला इथं नीट दवाखाना मिळेल. प्रभाकरचं काही ठरेना.

मग राठोडनं अक्कल काढली. माझ्या दुकानात जुनी तागडी आहे. इथल्या चांगल्या गोष्टीला एका पारड्यात तुरीची मूठ, तिथल्याला दुसऱ्या पारड्यात सोयाबीनची. नळाला रोज पाणी? सोयाबीन. लाइट जात नाही? सोयाबीन. रस्ते, दवाखाना, हवा... सोयाबीनचं पारडं पार टेबलाला टेकलं. तुरीच्या पारड्यात आमचा बाक अन् ताजी भाजी, बस!

तेवढ्यात वहिनी बाजारातून आल्या. "हे काय लावलं जी?" विचारलं. आम्ही सांगितलं. त्यांनी हातातली वांग्याची थैली उचलून तुरीच्या पारड्यात ठेवली. तागडी धाडकन इकडे आली!

"झालं?" म्हणाल्या. "आता मले एक सांगा. तिकडं मी मेली तं यायच्या तोंडात घास कोण घालीन?"

"कायचं काय बोलते!" प्रभाकर हसला. "तिथं चोवीस तास सगळं घरपोच भेटते!"

वहिनींनी थैली उचलली अन् घरी गेल्या. तागडी पुन्हा कॅनडाकडे झुकली. पोळा झाल्यावर दोघं गेले. घर मात्र विकलं नाही, आधी राहून पाहू, प्रभाकर म्हणाला. किल्ली माझ्या गल्ल्यात ठेवली.

*

प्रभाकरचा फोन रोज यायचा. आमची संध्याकाळ, त्याची सकाळ. मी फोन बाकावर मधे ठेवायचो. एकदा म्हणाला, "घर लय मोठं आहे बे. पण घराचे हप्ते फेडायले नवरा-बायको दोघंही कामावर. पोरगं रात्री येते अन् जेवून झोपते. घेतलेल्या घरात राहायले त्याले सवडच नाही!"

राठोड ओरडला, "मग त्याच्या वाटचं तुम्ही राहून घ्या ना, पोस्टमास्तर!"

"तेच करून राह्यलो," प्रभाकर म्हणाला. "दिवसभर."

वहिनी फोनवर फारशा यायच्या नाहीत. आल्या की एकच विचारायच्या, "भावजी, अंगणातल्या तुळशीले पाणी घालता ना?" मी घालत होतो. खरंच घालत होतो.

*

फोन लागला की प्रभाकरचा पहिला प्रश्न ठरलेला असायचा, "आज कोण गेलं?" म्हणजे वॉर्डात कोण वारलं! त्याला तिथं बसून हळहळ, की आपल्याविना भाकऱ्या कोण गोळा करत असेल. आम्ही चिडवायचो, तुझ्या भीतीनं लोकांनी मरणं बंद केलं!

एका संध्याकाळी फोन वाजला. मी उचलल्याबरोबर त्याच्याच सुरात विचारलं, "काय लेका, आज तुमच्याकडे कोण गेलं?"

तो म्हणाला, "मालती."

दुकानात गिऱ्हाईक उभं होतं. मला त्याच्यासमोरच रडू आलं.

पहाटे गेल्या. ॲम्ब्युलन्स वेळेवर आली, डॉक्टर चांगले होते, सगळं जिथल्या तिथं होतं. हे प्रभाकरच पुन्हा पुन्हा सांगत होता. मीच त्याला समजवायचं, तर तो मला सांगत होता!

*

अस्थी घेऊन तो एकटाच नेरला आला. मी घर उघडून दिलं. त्या दिवशी वॉर्डातल्या बायका न सांगता भाकऱ्या घेऊन आल्या. त्यानं सगळ्यांचं घेतलं, एकाही घरचं परत पाठवलं नाही.

आता चार दिवस झाले की नितीनचा फोन येतो. बाबा, एकटे कसे राहाल, तिकीट काढतो. बरोबरच आहे पोराचं. तोही आईविना झाला अन् त्याच्या घरात बापाची खोली रिकामी आहे. घराला गिऱ्हाईकही चालून आलं. परवा संध्याकाळी बाकावर बसल्यावर मी सरळ विचारलं, "प्रभाकर, गिऱ्हाइकाले काय सांगू? तू जातं का वापस कॅनडाले?"

तो माझ्या तागडीकडे पाहत होता. म्हणाला, "जाळायची तारीख पुढच्या आठवड्यातली भेटली. नितीनचे दोस्त आलते, चांगले पोरं आहेत. पण ज्याले त्याले ड्यूटी. जाळल्यावर तिथल्या पार्किंगमधूनच गेले. घरी आलो, आंघोळी केल्या. सून म्हणे, बाबा, वरणभात लावू? मी म्हटलं, नाही बेटा, आज चूल पेटवत नाही. येतीन कोणी."

"मग?"

"मग बसलो. सून बसली, नितीन बसला. मी बाहेरचा लाइट लावून ठेवला, येणाऱ्याले घर दिसलं पाहिजे म्हणून. लय वेळ बसलो, भाऊ. सून रडून राह्यली होती, पण चुलीजवळ गेली नाही. मग नितीन आतल्या खोलीत गेला. मोबाइलवर काही करून आला. मले बोलला नाही."

राठोडनं चहाचा कप खाली ठेवला.

"थोड्या वेळानं बेल वाजली. मीच उठलो. म्हटलं, आलं बा कोणी. दार उघडलं. बाहेर बर्फ पडून राह्यला होता. एक माणूस उभा, हातात पिझ्झ्याचा डबा, गरम. मी हात जोडले. आपण जोडतो ना, घास घेऊन आलेल्यापुढं, तसे. तो हसला. डबा माझ्या हातात दिला अन् म्हणे, 'एन्जॉय!'"

मी म्हटलं, "मग तू काय म्हटलं?"

"काय म्हणीन," प्रभाकर म्हणाला. "थँक्यू म्हटलं."