सप्टेंबरची कार्डं

आर्डिथ केसलरला शाळेच्या स्वयंपाकघरातून निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली होती, तरी टिल्टनमधली पन्नाशीला आलेली पोरं तिला अजून बिचकून असत. कोणी ताटात गाजरं टाकून पळायचं, कोण दूध सिंकमध्ये ओतायचं, हे सगळं तिच्या डोक्यात पक्कं होतं. डुवेन स्किनर त्यांतला म्होरक्या. त्यामुळे बुटांचा एक जुना खोका काखेत धरून ती त्याच्या बेसबॉल कार्डांच्या दुकानात शिरली, तेव्हा हा टक्कल पडलेला बाप्या काउंटरमागे चटकन उठून उभा राहिला, आणि मग स्वतःच हसला.

"बसा, बाई. गाजरं नाहीत ना आणली?"

"तुझं पोट बघता आणायला हवी होती," असं म्हणत तिने खोका पुढे सरकवला.

खोका तिच्या भावाचा होता. मर्लचा. हे डुवेनला सांगावं लागलं नाही. टिल्टनमध्ये मर्ल राउशचं नाव सगळ्यांना ठाऊक होतं. नदीवर एकटं जाऊ नये म्हणून तिथल्या मुलांना साठ वर्षं तेच नाव सांगितलं जात होतं.

खोका सापडला तो घर विकायचं ठरलं म्हणून. आर्डिथची मुलगी शेली कोलंबसला होती. तिने आपल्या घरापासून दोन गल्ल्यांवर आईसाठी तळमजल्यावरची छान जागा बघितली होती, आणि सोमवारी विक्रीची पाटी लावायला दलाल येणार होता. आवराआवर करताना आजीच्या खोलीतल्या कपाटात, सगळ्यात वरच्या फळीवर, शेलीला हा खोका दिसला. जुन्या कार्डांना किंमत येते, पण त्यांचा दर्जा ठरवून घ्यावा लागतो, असं तिने फोनवर वाचून काढलं. एक कंपनी असते. ती कार्ड भिंगाखाली धरते, कडा मोजते, एक ते दहामधला आकडा देते आणि कडक प्लास्टिकच्या डबीत कायमचं बंद करून परत पाठवते. दर कार्डामागे पैसे पडतात, तेव्हा कुठलं पाठवावं आणि कुठलं नाही ते आधी जाणकाराला विचारायचं.

किमतीशी आर्डिथला देणंघेणं नव्हतं. झाकण दुसऱ्या कोणीतरी उघडावं, एवढंच तिला हवं होतं.

मर्ल अकरा वर्षांचा होता आणि ती आठ. बासष्ट सालच्या जूनमध्ये एका दुपारी तो जेवून सायकलवर टांग मारून गेला. सायकल जुन्या फेरीबोटीच्या धक्क्याशी सापडली, खांबाला नीट टेकवून ठेवलेली. नदीत गळ टाकले, जाळी ओढली, खाली पार धरणापर्यंत माणसं गेली. काहीच हाती आलं नाही. तिचे वडील, हॉबर्ट, मागच्या पडवीतला दिवा रात्रभर जळता ठेवायचे आणि पायरीवर बसून राहायचे. जुलै संपता संपता एका दुपारी आई पडवीत आली, तिने दिव्याचा बल्बच काढून एप्रनच्या खिशात टाकला आणि म्हणाली, "मर्ल नदीत गेला. नदीने त्याला दिला नाही, आता देणारही नाही. पुरे झालं."

आईचं नाव ओपल. कपबशीच्या कारखान्यात ती कपांना कान चिकटवायची. त्या दिवसानंतर तिने मर्लची सायकल चर्चच्या विक्रीत दिली, कपडे मामेभावाला दिले, खोलीला रंग काढला. लोक म्हणाले, बाई दगडाची आहे. वडील मात्र डोक्यात काहीतरी बसल्यासारखे घरभर फिरत राहिले आणि चार वर्षांत गेले. ओपल नव्वदीपर्यंत जगली. मर्लचं नाव तिने पुन्हा काढलं नाही.

आर्डिथला आई कधी आवडली असं म्हणता यायचं नाही. पण तिच्या त्या कठोरपणाला पाठ टेकून ती मोठी झाली. नदीवर काही तरंगताना दिसलं, मागच्या दाराशी काही वाजलं, की ती स्वतःला आईचं वाक्य ऐकवायची: पुरे झालं. त्या एका वाक्यावर तिने लग्न केलं, मूल वाढवलं, आणि तीस वर्षं रोज शेकडो पोरांच्या ताटांत जॉनी मार्झेटीचा, म्हणजे खिमा-मॅकरोनीचा, डाव वाढला. रांगेत उभ्या असलेल्या अकरा वर्षांच्या पोरांची तोंडं निरखून न बघता वाढला. निदान तसा प्रयत्न केला. राहिली मात्र ती त्याच घरात. नवरा, रे, लग्नानंतर तिच्याकडे राहायला आला. लोकांना वाटलं, भाडं वाचवतात.

डुवेनने हात धुतले, पुसले, आणि दिवा खाली ओढला.

पुढचे गठ्ठे रबरबँडचे होते. रबर केव्हाच वितळून चिकटलं होतं. कार्डांचे कोपरे झिजून गोल झालेले, चेंडू टाकणाऱ्या एका पिचरच्या चित्राला निळ्या शाईच्या मिशा, एकावर, ते सायकलच्या चाकात फडफडावं म्हणून लावलेल्या चिमट्याचा खोल दात.

"ही पाठवून उपयोग नाही," डुवेन म्हणाला. "एक आकडा देतील आणि पैसे घेतील. भाऊ तुमचा कार्डं ठेवत नव्हता, बाई, वापरत होता."

आर्डिथला ते ऐकून बरं वाटलं. चिमट्याच्या खुणेवर तिने बोट ठेवलं. काचेवर ठेवावं तसं, हलकेच.

मग डुवेनने खोक्याच्या मागच्या भागातली कार्डं काढली. त्यांना रबर नव्हतं. ती सरळ उभी, एकाला एक चिकटून होती. त्याने पहिलं उचललं, तिरकं करून दिव्याखाली धरलं, दुसरं उचललं, आणि त्याचं बोलणं थांबलं. कोपरे सुईसारखे होते. रंग असे, की छापखान्यातून आताच बाहेर पडलेत. एकाच्या पाठीवर फिकट तपकिरी चौकोन होता. त्यावर नख न लावता तो म्हणाला, की हा कार्डांसोबत पाकिटात येणाऱ्या च्युइंगगमच्या पट्टीचा डाग, याने नवाचे आठ होतील, पण बाकीची बघा. आठ, नऊ, एखाद्याला त्याहूनही वर. पाठवायची ती हीच. पाकिटातून काढली आणि ठेवली, कोणाचा हातच लागलेला नाही.

मग त्याने मागचे नंबर वाचले. एकदा वाचले, पुन्हा वाचले. आर्डिथने शाळेत बघितलेला त्याचा चेहरा परत आला, काहीतरी फोडल्यावर सांगावं की न सांगावं असा.

"बाई, मर्ल जूनमध्ये ना?"

"जूनमध्ये."

"ही कार्डं तेव्हा नव्हती."

त्याने समजावून सांगितलं. वर्षाची सगळी कार्डं एकदम येत नसत. वसंतात पहिला हप्ता, मग उन्हाळाभर एकेक, आणि हे मोठे नंबर सगळ्यात शेवटच्या हप्त्यातले. तो दुकानात यायला सप्टेंबर उजाडायचा. तोवर शाळा सुरू झालेल्या, पोरं फुटबॉलला लागलेली, बेसबॉलची पाकिटं कोणी विचारायचं नाही. दुकानदार थोडीच मागवायचे, उरलेली फेकून द्यायचे. म्हणून तर आज ती मिळत नाहीत.

"चुकत नाहीयेस ना?"

"यात चुकलो तर दुकान बंद करावं लागेल," तो म्हणाला. त्याला विनोद करायचा होता, पण तो तसा निघाला नाही.

गुरुवारी त्याची पेटी कंपनीकडे जाणार होती, तोवर विचार करा म्हणाला. आर्डिथने खोका उचलला आणि ती गाडीत जाऊन बसली.

नदीकाठच्या रस्त्याने घरी येईपर्यंत मर्ल जिवंत होता. त्या सप्टेंबरात तो आला होता. मागच्या दाराने आत शिरून, जिन्याची कुरकुरणारी पायरी ओलांडून वर गेला होता आणि कार्डं खोक्यात ठेवून परत गेला होता. तेव्हाचं काय काय तिला आठवायला लागलं. ताटलीतून कमी झालेला पायचा तुकडा. ओली पायपुसणी. एकदा सकाळी मर्लच्या उशीखाली हात घातला तेव्हा चादर गार नव्हती. इतकी वर्षं या गोष्टींना काही अर्थ नव्हता, आता प्रत्येकीला पाय फुटले. तो माझ्या दारावरून गेला, तिच्या मनात आलं, आणि मला उठवलं नाही. सत्तर वर्षांच्या बाईला आठ वर्षांच्या मुलीचा राग आला. तिने गाडी अंगणात उभी केली आणि इंजिन बंद करायला विसरली.

आईच्या रिकाम्या खोलीत, गादी काढलेल्या पलंगाच्या कडेवर बसून तिने ती कार्डं मांडली. कुठून आणली असतील त्याने? पैसे कुठले? कुठे राहत होता, काय खात होता? उत्तर सापडेल या आशेने ती एकेक उलटत गेली आणि तपकिरी डागाच्या कार्डापाशी थांबली. पाकिटातला गम. गुलाबी पट्टी, वर पिठासारखी साखर.

आणि तिच्या जिभेवर चव आली.

त्या वर्षी पानगळीत, दर शुक्रवारी, आई कारखान्यातून यायची. बोटांच्या पेरांत चिकणमाती वाळून पांढरी झालेली असायची. जेवणं झाली की ती आर्डिथला सिंकपाशी बोलवायची, रुमालाची घडी उलगडायची आणि एक गुलाबी पट्टी तिच्या तळहातावर ठेवायची. पट्टीला कागद नसायचा. तिला पुठ्ठ्याचा वास यायचा. "चाव, आणि बाबांना सांगू नको," एवढंच आई म्हणायची. आर्डिथला वाटायचं, आता घरात एकच मूल उरलंय, म्हणून लाड. नंतर दव गोठायला लागलं, आणि एका शुक्रवारी पट्टी आली नाही.

आर्डिथ हलली नाही. बाहेर गाडीचं इंजिन चालूच होतं.

दिव्याचा बल्ब काढून घेणारी ती बाई दर आठवड्याला पगार हातात पडला की, जिथे ही पाकिटंही मिळायची त्या औषधांच्या दुकानात जात होती. पोरांनी सोडून दिलेली पाकिटं मागत होती. कुठेतरी आडोशाला बसून, नखात माती असताना, कोपरा न दुमडता ती फोडत होती. कार्डं खोक्यात. गम धाकटीला. मर्ल आला आणि शेवटचे नंबर नाहीत म्हणून रुसला, असं व्हायला नको. घरात पायरीवर बसून वाट बघणाऱ्या नवऱ्याला तिने पुरे झालं म्हणून सांगितलं, त्याला तसंच मरू दिलं, मुलीला ते वाक्य आयुष्यभर पुरवलं. आणि स्वतः मात्र हंगाम संपेपर्यंत, दुकानातलं शेवटचं पाकीट संपेपर्यंत, त्यावर एक दिवससुद्धा विश्वास ठेवला नाही. त्यानंतर कपाटातून तो खोका तिने नव्वदीपर्यंत खाली काढला नव्हता, आणि फेकलाही नव्हता.

मर्ल त्या सप्टेंबरात आला नव्हता, हे आर्डिथला आता कळलं. पण तो येणार नाही असं तिला ज्या एका माणसाने सांगितलं होतं, त्या माणसाला ते माहीत नव्हतं.

गुरुवारी डुवेनने कार्डांसाठी पातळ पाकिटं तयार ठेवली होती. शिवाय त्याने शेजारून दोन कॉफ्या आणि एक गोड पेकन रोल आणून ठेवला होता, म्हणजे दोन दिवस त्यालाही चैन नव्हती. कार्डं कोणी ठेवली ते कळलं का, असं त्याने रोल कापता कापता विचारलं.

"आईने," आर्डिथ म्हणाली.

त्याची सुरी थांबली. ओपलबाईंनी? त्याच्या आजीने तर ओपलबद्दल काय काय ऐकवलं होतं. पण तो एवढंच म्हणाला, की बरं झालं, कोडं सुटलं, आता पाठवायला हरकत नाही. त्याने पहिलं कार्ड अलगद पाकिटात सरकवलं. दुसरं सरकवलं. आर्डिथ त्याच्या बोटांकडे बघत होती.

"डबीत बंद केलं, की नंतर बाहेर काढता येतं का रे?"

"डबी फोडावी लागते. मग आकडा गेला. पण काढायचं कशाला? हाताळलं की खराब होतं."

"मग नको."

डुवेनने चष्मा कपाळावर चढवला आणि शाळेतल्या गणितासारखं तिला समजावायला लागला. अशी कार्डं त्याच्या उभ्या जन्मात या दुकानात आली नव्हती. नुसतं खोक्यात राहिलं तर एक दिवस ओल लागणार, कोणाचा तरी अंगठा उमटणार. तुम्ही तर खेळणार नाही, शेली खेळणार नाही. मग ती उघडी ठेवायची कोणासाठी?

आर्डिथने कॉफी ढवळली. त्याने कप बाजूला सारला आणि आवाज खाली आणला.

"बाई, वाईट वाटून घेऊ नका. पण मर्ल आज किती वर्षांचा असता?"

त्र्याहत्तर. तिला माहीत होतं. दर वाढदिवसाला ती मनात मोजायची.

"अकरा," ती म्हणाली.

ते तिच्याच कानावर पडलं तेव्हा ती दचकली. डुवेन हसला नाही. त्याने पाकिटातून पहिलं कार्ड बाहेर काढलं, मग दुसरं, आणि नंबर बघून जिथलं तिथे खोक्यात उभं केलं. रबरवाले गठ्ठे पुढे लावले. झाकण लावून खोका तिच्याकडे सरकवताना त्याने उरलेला रोल कागदात गुंडाळून वर ठेवला.

गाडीत बसते न बसते तोच शेलीचा फोन आला.

"काय म्हणाला डुवेन? पाठवण्यासारखी आहेत?"

"नाहीत गं. सगळ्यांचे कोपरे गेलेत."

"जाऊ दे. मला वाटलं, आजीने जपून ठेवलीत म्हणजे काहीतरी असेल." ताटल्या मांडल्याचा आवाज आला. "सोमवारी पाटीवाला दहाला येतोय, लक्षात आहे ना?"

"त्याला येऊ नको म्हणून सांग."

"मग कधी येऊ दे?"

"मी सांगेन."

मग शेलीने जे वाटत होतं ते बोलून टाकलं, की कोलंबसची ती जागा आपल्यासाठी थांबून राहणार नाही, दारं सडायला आलेल्या त्या घरात आईला कशाने धरून ठेवलंय ते तिला कधीच कळलेलं नाही. रागाने नव्हे, दमून बोलली.

"आजी असती ना, आई, तर एका दिवसात घर विकून मोकळी झाली असती."

आर्डिथने खोक्याच्या झाकणावर हात ठेवला.

"हो," ती म्हणाली. "तुझी आजी तशीच होती."