वेगळं ताट

दोहात अल नस्र भागातल्या खोलीत माझ्याबरोबर राहणारे सगळे रत्नागिरीकडचे मुसलमान होते आणि ते सगळे एका परातीत जेवायचे. मध्ये भात, वर माशाचं कालवण, भोवती मांडी घालून मंडळी, आणि कोपऱ्यात मी माझं स्टीलचं ताट घेऊन. त्या ताटावर माझं नाव कोरलेलं होतं. मी आखातात निघालो तेव्हा आईनं ते जत्रेतल्या भांडीवाल्याकडून कोरून घेतलं होतं. साताऱ्याकडच्या आमच्या घरात उष्ट्या-खरकट्याचं फार कडक. सख्ख्या भावाच्या ताटातला घास उचलला तरी हातावर फटका बसायचा. खोलीतले मला ‘सोवळ्यातला फिटर’ म्हणायचे. मीही त्यांना ऐकवायचो की तुमच्या भांडणात चांगली तुकडी कुणाच्या वाट्याला जाते ते मला इथून नीट दिसतं. कुणाचं काही बिघडत नव्हतं.

मी पाण्याच्या लाइनी टाकणाऱ्या एका कंत्राटदाराकडे पाइप फिटर होतो. माझ्या जोडीचा वेल्डर मोरोक्कोच्या डोंगरातला. त्याला कुणी अरब म्हटलं की त्याचं डोकं फिरायचं. आमची भाषा वेगळी, आमचे डोंगर वेगळे, असं तो आमच्याकडूनच शिकलेल्या मोडक्या हिंदीत ठणकावून सांगायचा. एकदा साइटवर डबा खाताना तो म्हणाला, इथं वाळवंटात समुद्राचं पाणी गोड करून नळाला येतं, आणि माझ्या गावात डोक्यावर बर्फाचे डोंगर असून माझी आई दरीपलीकडच्या झऱ्यावरून पाठीवर घागर बांधून पाणी आणते. मागच्या हिवाळ्यात ती गोठलेल्या वाटेवर घसरली, मनगट मोडलं, तरी दुसऱ्या हातानं दोरी धरून पाणी आणतच राहिली. एवढं बोलून त्यानं वेल्डिंगचा मुखवटा खाली ओढला. वेल्डिंग काही चालू नव्हतं.

मी विचारलं, झरा घरापेक्षा वर आहे की खाली? वर आहे, तो म्हणाला. मग अडलंय कुठं? पाइप टाकायचा, पाणी आपसूक येईल. आमच्याकडे ते काम येणारं कुणी नाही, तो म्हणाला. मला एक खोड आहे, सोपं काम अडलेलं दिसलं की हात शिवशिवतात. मी तिथल्या तिथं सांगून टाकलं की यंदाची निम्मी रजा तुझ्या डोंगरात. बायकोला कळवलं तेव्हा तिनं उलट निरोप धाडला की मग सासरही तिकडंच बघा. तिचा राग योग्यच होता, पण शब्द गेला होता.

विमान, मग बस, मग बटाट्याच्या पोत्यांवर बसून ट्रक, आणि शेवटी खेचर. खेचरावर मी ज्या तऱ्हेनं बसलो होतो ते बघून वाटेतल्या बायका ओढणीआड हसत होत्या. पण खोरं दिसलं आणि मी खेचर थांबवलं. लाल मातीची घरं एकावर एक डोंगराला चिकटलेली, खाली अक्रोडाची झाडं, जवाची छोटी छोटी वाफ्यांसारखी शेतं, आणि समोरच्या कड्यात ओलाव्याचा हिरवा पट्टा. तोच झरा. मी नजरेनंच उतार मोजला आणि बरोबरच्या वेल्डर मित्राला म्हणालो, हे तर हसत हसत होईल.

पाइप खालच्या बाजाराच्या गावातून आणायचे होते. दुसऱ्याच दिवशी मित्र खेचरं घेऊन तिकडं गेला आणि मला वडिलांच्या हवाली करून गेला. वडील उंच, पांढऱ्या दाढीचे, शब्द मोजून बोलणारे. आम्हा दोघांत सामाईक भाषा एकही नव्हती. ते मला ‘हिंदी’, म्हणजे हिंदुस्थानी, म्हणायचे आणि मी त्यांच्याकडे बघून मान हलवायचो. जेवणाच्या वेळी मित्राची आई किटलीतून हातावर पाणी घालायची, मग मधोमध मातीचं मोठं भांडं यायचं. त्यात वाफाळती भाजी आणि मटण. घरातले सगळे भाकरीचा तुकडा मोडून त्यात बुडवणार, त्याआधीच मी पिशवीतून माझं ताट काढलं, दोन पळ्या वाढून घेतल्या आणि नेहमीसारखा जरा बाजूला सरकून जेवलो. जेवण फर्मास होतं. बोटं चाटली. वडील मात्र मध्येच हात थांबवून माझ्याकडे बघत राहिले. त्यांना माझं ताट आवडलं असावं असं मला वाटलं.

त्यानंतर गावातले चार म्हातारे येऊन बसले. पुदिन्याचा गोड चहा झाला. ते आळीपाळीनं माझ्याकडे बघायचे, एकमेकांशी हळू बोलायचे आणि उसासे टाकायचे. पाहुणा बघायला आलेत म्हणून मी प्रत्येकाला हसून सलाम केला. दुसऱ्या दिवशी ते पुन्हा आले, पुन्हा उसासे. मी पुन्हा हसून सलाम केला.

मित्र पाइप घेऊन आला तेव्हा मी चर कुठून खणायचा त्याच्या खुणाही करून ठेवल्या होत्या. तिथं आपल्या सावडीसारखी रीत आहे, एका घराचं काम निघालं की गाव खोरी-कुदळी घेऊन येतं. सकाळी गाव येणार होतं. सकाळ झाली आणि कुणी आलं नाही. ऊन वर आलं तरी चिटपाखरू नाही. माझी सटकली. रजा काय यांच्यासाठी थांबणार होती? मी मित्रावरच ओरडलो की तुझ्या गावाला पाणी नको असेल तर तसं सांग, मी बायकोकडे जातो.

तो वडिलांकडे गेला. बराच वेळ बोलणं झालं. परत आला तेव्हा त्याला हसावं की रडावं कळत नव्हतं. त्यांच्या खोऱ्यात ज्याचं घराशी भांडण आहे तोच त्या घरात वेगळं जेवतो. आणि अशी दोन माणसं वेगळी जेवत असतील तोवर त्या घराच्या कामाला गाव हात लावत नाही. आधी समेट, मग कुदळ. वडिलांची खात्री झाली होती की पोरानं दोहात मला फसवलंय, आणि मी इतका भला की रागावूनही त्याच्या आईसाठी काम करायला आलोय. ते उसासे माझ्यासाठी होते.

“खलास,” मित्र म्हणाला, “आज तू एक साथ खाना. नहीं तो माँ का पानी नहीं.”

मी तडकलो. म्हटलं, माझ्या आईनं शिकवलंय ते तुझ्या वडिलांसाठी सोडू? तेवढ्यात त्याची आई झऱ्यावरून आली. वाकलेली, दोरीचा वळ कपाळावर. तिनं घागर उतरवली आणि आम्हाला जेवायला बसायचं म्हणून त्यातलंच पाणी किटलीत ओतलं. मी हात पुढे केले आणि त्या मोठ्या भांड्यापाशी जाऊन बसायचं ठरवलं.

पण आत गेलो तर मातीचं भांडं नव्हतंच. वडिलांनी माझं स्टीलचं ताट मधोमध मांडलं होतं आणि त्यात सगळ्यांचं जेवण वाढलं होतं. ते स्वतः त्याच्या एका कडेला बसले, मला समोर बसवलं, पोराला मध्ये. पोरानं त्यांना माझ्या वेगळ्या ताटाचं कारण सांगितलं असणार. म्हणजे मी त्यांच्या भांड्यात जेवायचं नाही, त्यांनीच माझ्या ताटात जेवायचं. मी भाकरी मोडली. वडील आपल्याच कडेचं खात होते, चांगला मटणाचा तुकडा बोटानं माझ्या बाजूला ढकलत होते. पहिला घास घशात जरा अडकला, खोटं कशाला सांगू. पुढचे सरळ उतरले. शेवटी मीही एक तुकडा त्यांच्या बाजूला ढकलला. दाराबाहेर उभे असलेले म्हातारे ते बघून आपापल्या घरी गेले.

दुसऱ्या दिवशी उजाडताच अख्खं गाव कुदळी घेऊन दारात. बायकांनी गाणी धरली, पुरुषांनी चर खणला, मी आणि मित्र पाइपांना आटे पाडत, सांधे गळू नयेत म्हणून सुतळी आणि सफेदा लावत दरीतून पुढे सरकलो. एक सांधा गळला तेव्हा मी मराठीत शिव्या दिल्या आणि लोकांनी त्या पाठ केल्या. तिथली निम्मी रजा संपली त्याच दिवशी आम्ही घराच्या अंगणात नळ बसवला. आधी नुसती हवा फुरफुरली, मग लाल गढूळ पाणी, मग स्वच्छ.

गाव ओरडलं, पोरांनी अंगावर पाणी उडवून घेतलं. मित्राची आई मात्र पुढे येऊन नळाखाली हात धरून उभी राहिली. मोडून वाकडं जुळलेलं मनगट, त्यावरून पाणी वाहून अंगणात, अंगणातून वाफ्यांकडे. बराच वेळ झाला. वडील म्हणाले, बंद कर, पाणी वाया जातंय. ती त्यांच्याकडे न बघता काहीतरी बोलली आणि मित्रानं तोंड फिरवलं. मी त्याला खांद्याला धरून विचारलं, काय म्हणाली?

ती म्हणाली होती, “लग्न होऊन आल्यापासून प्रत्येक थेंब मी पाठीवर आणलाय. आज थोडं सांडू दे.”

नळ बंद करायला आमच्यापैकी कुणीच पुढे गेलं नाही.