डबा बोलल्याशिवाय पैसे आले नाय

आधी माफी मागते. माझं शुद्धलेखन चुकतं आणि अक्षर तर बघायलाच नको. चौथीपर्यंत शिकले, त्यानंतर हातात पेन्सिल कमी आणि बोंबीलच जास्त आले. माझी अक्षरं रेघेला लटकतात ती काठीवर वाळत घातलेल्या बोंबलांसारखी. जोडाक्षर आलं की बोंबील जोडीने टांगतात तसा एकाच्या जबड्यात दुसऱ्याचा जबडा अडकवते आणि पुढे जाते. ही वही कोणी वाचणार नाही, ती कपाटात साड्यांच्या खाली असते. तरी माफी मागून ठेवलेली बरी. रिक्षात कोणी माझ्या पायावर पाय दिला तरी मीच सॉरी म्हणते.

माणसांशी बोलायला मला जमत नाही, म्हणून मला यंत्रं आवडतात. यंत्र आपल्या तोंडाकडे बघत बसत नाही. सगळ्यांत आवडलेलं यंत्र म्हणजे बटणांचा पहिला फोन, आणि त्यातही मिस्ड कॉल. फोन करायचा, पण बोलायचं नाही, पैसे जात नाहीत आणि निरोपही पोचतो! ज्याने शोधला तो माझ्यासारखाच लाजरा असणार. आमचे हे बोटीवर असायचे. बोट परत येताना किनाऱ्याची रेंज लागली की एक मिस्ड कॉल यायचा, म्हणजे येतोय. लागोपाठ दोन आले की मासळी भरपूर आहे, टोपल्या जास्त आण. आमचा निम्मा संसार न बोलता झाला तो असा.

मी सातपाटीहून बोईसरच्या बाजारात सुकी मासळी विकायला जाते. बोंबील, जवळा, मांदेली, कधी सोडे. माझ्या शेजारी जी बसते ती माझी मैत्रीण. तिचं माहेर दातिवऱ्याचं आणि आवाज असा की तिने हाक मारली तर माहेरी ऐकू जाईल. मी ओरडू शकत नाही हे तिला पहिल्याच दिवशी कळलं. तेव्हापासून ती दोघींच्या वाट्याचं ओरडते. "ये ताई, इकडे बघ! माझी मांदेली घे, हिचे बोंबील घे! ही बोलत नाय पण बोंबील चांगले हायत!" गिऱ्हाईक भाव पाडायला लागलं की मी लगेच कमी करते, म्हणून ती मध्येच हात घालते. उधारी राहिली तर वसूल करायलाही तीच जाते. एकदा सरावलीच्या चाळीत जाऊन एका बाईच्या दारात बसून तिने माझे पैसे आणले होते, वर चहा पिऊन आली.

आता ही गोष्ट तिचीच आहे.

तिचा फोन बर्फाच्या पाण्यात पडला. तांदळात ठेवला, उन्हात ठेवला, शेवटी देवापुढे ठेवला, पण चालू झाला नाही. तिने माझ्याकडे तीन हजार मागितले. मी वॉशिंग मशीनसाठी पैसे जमवत होते. माझी मुलगी एमआयडीसीत एका ऑफिसात कामाला लागली होती. आमच्या अंगणात कपडे आणि बोंबील एकाच वाऱ्यावर वाळतात. मुलगी सकाळी ड्रेसवर सेंट मारायची आणि म्हणायची, "आई, आता मला बोंबील आणि मोगरा असा मिळून वास येतो." हसून म्हणायची, पण ऑफिसात डबा खाताना लांब बसते हे तिने एकदाच सांगितलं आणि मी ते विसरले नाही. मशीन घ्यायचं, तिचे कपडे त्यातच पिळून आत खोलीत वाळवायचे, एवढंच माझ्या मनात होतं.

तरी पैसे दिले. नाही म्हणायला तोंड उघडावं लागतं.

"दिवाळीला देते गो," ती म्हणाली. दिवाळी आली, गेली. होळी आली, होडी सजली, तीही गेली. ती रोज माझ्या शेजारी बसून नव्या फोनवर भजनं लावायची आणि मी रोज ठरवायची, आज मागायचे.

आधी मी माझ्या ओळखीचा रस्ता घेतला. मिस्ड कॉल दिला. मनात म्हटलं, तिला आठवण होईल. तिने उचलला.

"काय गो? बाजूला बसून फोन काय करतेस?"

"चुकून लागला," मी फोनमध्येच म्हणाले.

मग मुलीकडून स्टेटस ठेवायला शिकले. वॉशिंग मशीनचा फोटो ठेवला. खाली काही लिहिलं नाही, शुद्धलेखनाची भीती. फोटो बघून समजेल असं वाटलं. दुसऱ्या दिवशी तिने बाजारभर सांगितलं, "हिने मशीन घेतली! आणि पेढा नाय दिला, बघा!" तीन बायकांनी माझ्याकडे पेढे मागितले. मी दिले. मशीन नव्हतं, पेढे मात्र झाले.

शेवटी मुलीने फोनमधलं एक बटण दाखवलं. पैसे पाठवायचं बटण असतं तसं पैसे मागायचंही असतं. आपण रक्कम टाकायची, समोरच्याला निरोप जातो, त्याने हो म्हटलं की पैसे येतात. मला तर रडूच आलं. माझ्यासारखीसाठी कोणीतरी मागायचं बटण बनवलं होतं! मुलगी ऑफिसला गेल्यावर मी दार लावून बसले. तिचं नाव काढलं, तीन हजार टाकले, बटण दाबलं. फोनने पिन मागितला. पिन नेहमीच मागतो, म्हणून टाकला. हिरवी टिकली आली, टिंग वाजलं.

मी पैसे मागितले नव्हते. आणखी तीन हजार पाठवले होते.

पाच मिनिटांत तिचा फोन आला. ती रडत होती. "तुला कसं कळलं गो? सुनेला दवाखान्यात न्यायची होती, हातात काय नव्हतं. मी कोणाला बोलली नव्हती. देवाने तुझ्या मनात घातलं." आता यावर काय बोलणार? मी म्हणाले, "असू दे." दुसऱ्या दिवशी बाजारात माझ्या मोठ्या मनाची गोष्ट सगळ्यांनी ऐकली. एका म्हातारीने तर माझ्या डोक्यावर हात ठेवला. मुलीला सांगितलं तेव्हा ती पलंगावर लोळून हसली. मग उठली, निळा ड्रेस नाकाजवळ नेला, आणि सेंटची बाटली घेतली. ते मला जास्त लागलं.

त्यानंतर माझ्या टोपलीशेजारी बोलणारा डबा आला. गिऱ्हाईकाने फोनवरून पैसे भरले की डब्यातली बाई मोठ्याने सांगते, "पन्नास रुपये प्राप्त झाले." मला तो डबा फारच आवडला. मी काही न बोलता बसायची आणि माझ्यातर्फे कोणीतरी खणखणीत बोलायचं. मैत्रिणीला मात्र तो अजिबात पटला नाही.

"ही कोण बया? माझ्यापेक्षा मोठ्याने बोलते."

"बाई नाय, डबा हाय."

"प्राप्त झाले म्हणे. आली मोठी मास्तरीण."

ती डब्याशी भांडायची. डबा बोलला की हिचा आवाज वर. पण हळूहळू तिला एक गोष्ट पटली, डबा खोटं बोलत नाही. ती स्वतः बाजारात रोखीवरच होती, फोनवर काही आलं तर मुलगा काढून द्यायचा, तरी माझ्या डब्याकडे तिचं कायम लक्ष असायचं.

एके दिवशी कारखान्यातला एक माणूस आला. जवळा आणि बोंबील घेतले, फोन नाचवला आणि म्हणाला, "मौसी, भेज दिया." डबा गप्प. मी त्याच्याकडे बघितलं, मग जमिनीकडे. तो चालायला लागला. मैत्रीण उठलीच.

"ओ भाऊ! थांबा! डबा बोलला नाय!"

"भेजा है ना, देखो."

"तुमचा फोन नाय बघायचा. डबा बोलल्याशिवाय पैसे आले नाय!"

त्याने पुन्हा फोन काढला, पुन्हा दाबलं, आणि डबा बोलला. तो गेला. मग तिने माझ्याकडे मोर्चा वळवला. दोन्ही हात कमरेवर, सगळ्या रांगेला ऐकू जाईल असं.

"तुला तोंड दिलंय ना देवाने? आपल्या घामाचे पैसे मागायला लाज कसली? आणि कोण कोण बुडवतंय तुला? सांग! आत्ता जाते नि आणते."

माझी कानशिलं तापली. सगळ्या बायका बघत होत्या. का कोण जाणे, मी म्हणाले, "एक हाय."

"कोण?"

"हाय एक. दातिवऱ्याची."

"आमच्या दातिवऱ्याची?" ती हबकली. "माझ्या माहेरची? अगो, नाक कापलं! किती?"

"सहा हजार."

"सहा हजार! नि तू गप्प? बायानो, ऐकलं काय? सहा हजार घेऊन बसलीय नि हिला तोंड दाखवते! कसली निर्लज्ज बाई असेल! काय केलं तिने एवढ्या पैशांचं?"

"फोन घेतला," मी म्हणाले. आवाज इतका बारीक निघाला की मला वाटलं ऐकूच गेला नाही.

तिच्या हातात फोन होता. तिने फोनकडे बघितलं. मग माझ्याकडे. मग परत फोनकडे. आमच्या रांगेत तिचा आवाज बंद झालेला मी पहिल्यांदाच अनुभवला.

"सहा कसे?" ती हळूच म्हणाली. "मागचे तीन तू मनाने दिलेस ना?"

"बटण चुकलं."

ती खाली बसली. मला वाटलं आता रडणार किंवा टोपली उचलून दुसरीकडे जाणार, आणि मग मी उद्यापासून कोणाच्या शेजारी बसायचं? पण तिचे खांदे हलायला लागले. ती हसत होती. तोंडावर पदर धरून हसत होती, मांदेलीच्या टोपलीवर आडवी झाली. "बटण चुकलं! नि मी देवाला नारळ वाहिला गो!"

हसून झाल्यावर तिने डोळे पुसले आणि म्हणाली, "एक वर्ष बाजूला बसून बोलली नायस. काय बाई तू."

"माझे पैसे मागायला नेहमी तूच जातेस," मी म्हणाले. "तुझ्याकडे कोणाला पाठवू?"

मग तिने रांगेसमोर जाहीर केलं की निर्लज्ज तिने सगळ्यांदेखत म्हटलं, तर पैसेही सगळ्यांदेखत फिटतील. रोख नाही. डब्यातून. पैसे पाठवायचं तिने माझ्या मुलीकडून शिकून घेतलं आणि कुठलं बटण दाबायचं ते तीन वेळा विचारलं. तेव्हापासून बाजार उठायच्या वेळी ती फोन काढायची, कधी शंभर, बरा धंदा झाला तर तीनशे. डब्याचा आवाज आधी स्वतः वाढवायची. "प्राप्त झाले" म्हटलं की रांगेतल्या बायका टाळ्या वाजवायच्या आणि नवं गिऱ्हाईक घाबरून बघायचं.

काल शेवटचे दोनशे राहिले होते. तिने सगळ्यांना गोळा केलं, फोन धरला, बटण दाबलं. डबा गप्प. मी आदल्या दिवशी तो चार्जिंगला लावायला विसरले होते. माझ्या फोनवर हिरवी टिकली आलेली होती, मी तिला दाखवली.

तिने मान फिरवली. "मला नको दाखवू. डबा बोलल्याशिवाय पैसे आले नाय."

"चार्जिंग नाय गो त्याला."

"मग तू बोल."

मी बायकांकडे बघितलं. बायका माझ्याकडे बघत होत्या. मला डब्याच्या आत जाऊन बसावंसं वाटलं. पण मुलीचा निळा ड्रेस डोळ्यांसमोर आला. मी श्वास घेतला आणि ओरडले. कधी ओरडले नव्हते, म्हणून किती जोर लावायचा ते कळलं नाही, आणि पलीकडच्या रांगेतला भाजीवालासुद्धा वळून बघायला लागला.

"दोनशे रुपये प्राप्त झाले! सगळे फिटले!"