बाहीतला कांदा

परवा बाहेर निघताना लेक माझ्या डाव्या हाताला उन्हाचं क्रीम चोळत होती आणि आत कुणीतरी कांदा चिरत होतं. त्या वासासरशी मी लहानपणीच्या, बालाघाटच्या हिंदी शाळेत जाऊन बसलो.

जन्मताना माझ्या डाव्या हाताची नस दुखावली होती. हात हलायचा, पण त्याला चटका, स्पर्श काहीच कळायचं नाही. एकदा वैनगंगेच्या वाळूत खेळून आलो, तर हातभर फोड. किंचाळली आई, मी आपला गंमत बघत होतो. मग तिने बाबांच्या जुन्या पायजम्याची सैल बाही शिवली, मनगटाशी नाडी लावून.

घरातल्या काकूचं तेवढ्याने भागेना. लू, म्हणजे उन्हाळ्यातली गरम झळ, लागू नये म्हणून आमच्याकडे खिशात कांदा ठेवतात. "खिशातला फेकून देते हा पोट्टा. बाहीत राहू दे, याले समजत नाही ना!" असं आईला म्हणत तिने माझ्या नकळत छोटासा कांदा आत सरकवला.

मी दिवसभर त्यावर कोपर टेकून बसलो. दुपारी वर्गात वास सुटला. डबे उघडले, बूट काढले, कपाटामागे मेलेला उंदीर शोधला. शोधण्यात सर्वांत पुढे मीच. शेवटी हुंगत हुंगत सर माझ्यापाशी आले. नाडी सोडताच चेंदामेंदा झालेला कांदा बाकावर पडला.

"कब से है ये?"

"मालूम नहीं, सर."

घरी काकूने एवढंच विचारलं, "लू लागली का?"

"नाही."

"मंग!"

"गार वाटतंय ना, बाबा?" क्रीम चोळून झाल्यावर लेकीने विचारलं.

"हौ," म्हणालो. ती वळल्यावर मात्र शर्टाची बाही खाली ओढली आणि हळूच झटकून पाहिली.