शुनेमच्या बाईची विचारपूस

मेधाचा फोन आला तेव्हा मी अळणावरला, शाळेत होते. "अक्का गेली ग..." एवढंच ती बोलली. मेधा ही अक्कांची मुलगी. धारवाडला शिकत असताना मी सप्तापूरला अक्कांच्या गच्चीवरच्या खोलीत भाड्यानं राहायचे. खोली त्यांच्या सुहासची. तो ऐन पंचविशीत तापानं गेला, त्यानंतरची पहिली भाडेकरू मी.

अक्कांना चौकशीची भारी हौस. भाजीवालीच्या सुनेचं माहेर कुठलं, हेही त्यांना ठाऊक असायचं. देवाची चौकशी मात्र त्यांनी बंद केली होती. दत्ताच्या तसबिरीला फूल वाहायच्या, नैवेद्य दाखवायच्या, पण सुहास गेल्यापासून हात जोडायच्या नाहीत. "त्याचं त्यानं बघावं," म्हणायच्या.

एकदा मला बायबल वाचताना बघून शेजारी बसल्या. "काय चाललंय ग त्यात?" मी शुनेम गावच्या बाईची गोष्ट सांगितली. तिनं अलीशा नावाच्या संदेष्ट्याला जेवू घातलं, त्याच्यासाठी गच्चीवर खोली बांधली, खाट-मेज-दिवा ठेवला. त्याच्या आशीर्वादानं तिला मुलगा झाला आणि एका दुपारी तो तिच्या मांडीवरच गेला. तिनं त्याला त्याच खाटेवर निजवलं, दार लावलं आणि गाढवावर बसून थेट अलीशाला गाठलं.

"नाव काय तिचं?"

"नाव दिलेलं नाही."

"अय्यो! जेवू घातलं तिनं, खोली बांधली तिनं, अन् नाव नाही? मग काय म्हणाली त्याला?"

"पाय धरले आणि विचारलं, मी मुलगा मागितला होता का?"

बोलून गेल्यावर मला सुहास आठवला. मुलगा पुढं जिवंत झाला, हे मी घाईघाईनं सांगून टाकलं. त्यांनी विचारलं, "अन् उठला नसता तर?" मी देवाच्या इच्छेबद्दल काहीतरी बोलू लागले. "इरली बिडु, राहू दे ते," म्हणून त्या उठून गेल्या. मला वाटलं, जखमेवर मीठ चोळलं आपण.

सकाळी खालून आवाज आला. जिना उतरून बघते तर अक्का पाटावर बसून दत्ताला फैलावर घेत होत्या. "मी गप्प बसले म्हणून तुझं बरं चाललंय होय? सांग की, का नेलास?" डोळ्यांना धार लागली होती आणि हात जोडलेले होते. मला बघून म्हणाल्या, "पोरगं उठलं नसतं तरी ती बाई परत गेली असती बघ. भांडायला. आणखी कुणापाशी जाणार?" त्यानंतर रोज सकाळी भांडण, मग पोहे. श्रद्धा म्हणजे गुमान मान डोलावणं, असंच मी लहानपणापासून ऐकत आले होते. अक्कांनी माझ्याच पुस्तकातून मला वेगळं काही शिकवलं.

परवा सप्तापूरला गेले. मेधानं दिवा लावला होता. देवघर इतकं शांत मी कधीच ऐकलं नव्हतं. "मला नाही जमत ग भांडायला," मेधा म्हणाली, "तू बघ की." त्या दत्ताशी माझी कधी बोलाचाली नव्हती. तरी मी पाटावर बसले.

"नेलंत ना अक्कांना?" म्हटलं, "आता त्यांचं समोरासमोर ऐकून घ्या."